घर विकायला काढताना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या रविवारच्या कार्यक्रमांत बी विंगच्या माजी रहिवासी आणि व्यवसायाने इंटिरिअर डिझायनर असलेल्या आपल्या एका सभासद-कन्येने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मघाशी काकांनी माझी ओळख 'प्रमुख पाहुण्या' अशी करून दिली तेव्हा मला जरा हसूच आलं. १९९९ साली आम्ही बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा मी अकरावीत होते. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता आणि या हॉलच्या जागी वाळूचा ढीग. त्या ढिगाऱ्यावर खेळलेली निम्मी मुलं आज कमिटीत आहेत. त्यामुळे मी पाहुणी कसली, फार तर माहेरवाशीण.

आणि तेही आता पूर्ण खरं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही ते घर विकलं. विकणारी, म्हणजे माझी आई, पहिल्या रांगेत बसली आहे. घेणारे तिसऱ्या रांगेत आहेत. दोन्ही पक्ष समोर असताना मला फार रंगसफेदी करून बोलता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कमिटीने विषय दिला तो असा: घर विकायला काढलं तर ते लोकांना दाखवण्याआधी काय करावं. विषय वेळेवरचा आहे. आपल्या इमारतींना पंचवीस वर्षं झाली. कुणाची मुलं बंगलोरला, कुणाची बाहेरच्या देशात. कुणाला गुडघ्यांमुळे मुलीच्या जवळ राहायला जायचंय. घरं विकली जाणार, आणि त्यांची स्पर्धा समोरच्या नव्या टॉवरशी असणार. तिथे सँपल फ्लॅट असतो. कधी बघायला गेलात तर एक गोष्ट करा, तिथल्या पलंगावर आडवे होऊन बघा. काही ठिकाणी पलंग मुद्दाम नेहमीपेक्षा लहान करून घेतलेला असतो, म्हणजे खोली मोठी दिसते. कपाटांना खोली नसते, दारं बसवलेलीच नसतात. आपल्या घराला यातलं काहीच करता येत नाही. आपल्या घरात माणसं राहत असतात.

या सगळ्याला 'होम स्टेजिंग' म्हणतात. शब्द अमेरिकेतला. तिथे वॉशिंग्टन राज्यात बार्ब श्वार्झ नावाच्या बाई १९७०च्या दशकात घरं विकण्याच्या व्यवसायात आल्या. घरमालकाला 'तुमच्याकडे फार पसारा आहे' असं तोंडावर सांगितलं की तो रागावणार. म्हणून त्यांनी नाटकाची भाषा वापरली, आपण 'स्टेज लावू या' म्हणाल्या. मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको. नेपथ्य म्हणजे काय हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. फक्त एक फरक आहे, त्याच्याकडे मी नंतर येते, कारण त्या फरकावर मी एकदा चांगलीच आपटले आहे.

आधी घेणाऱ्याच्या खिशाचं बोलू. समजा घर ८० लाखांचं आहे. बँक जास्तीत जास्त ६४ लाख देणार. उरलेले १६ लाख त्याने स्वतःचे घालायचे. वर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. नोंदणी फी ३० हजार. हे पैसे कर्जात धरले जात नाहीत. म्हणजे दारात उभ्या असलेल्या त्या नवराबायकोने जवळजवळ २२ लाख रोख जमवलेले आहेत, दागिने मोडलेत, प्रॉव्हिडंट फंड काढलाय, सासऱ्यांकडून हातउसने घेतलेत. तुमच्या घरात आल्यावर त्यांना गळका नळ दिसला तर तो दोनशे रुपयांचा नळ दिसत नाही. 'आता याच्यावर आणखी किती जाणार' हा आकडा दिसतो, आणि घाबरलेला माणूस तो आकडा नेहमी मोठाच धरतो. म्हणून बारीकसारीक दुरुस्त्या आधी करून टाका. नळाचे वॉशर, न लागणारी कडी, लोंबणारा स्विचबोर्ड, बाथरूमच्या टाइल्समधलं काळं पडलेलं व्हाइट सिमेंट. एक प्लंबर, एक वायरमन, दोन दिवस.

आता आमच्या घराकडे येते.

बाबा गेल्यावर आई वर्षभर एकटी राहिली. मग नाशिकला भावाकडे जायचं ठरलं. मी व्यवसायाने हेच काम करते, त्यामुळे घर तयार करायचं माझ्याकडे आलं. मला वाटलं पंधरा दिवसांत होईल. सहा आठवडे लागले, आणि त्यातले चार आठवडे नुसता माळा रिकामा करण्यात गेले. झाकण नसलेले तीन कुकर. २००४ साली घेतलेल्या टीव्हीचं खोकं, टीव्ही कधीच गेला, खोकं आहे. गणपतीचं घडीचं मखर. बोहारणीला द्यायच्या म्हणून काढलेल्या आणि मग न दिलेल्या साड्या. मी तीन राशी करायला सांगितल्या: न्यायचं, वाटायचं, भंगार. आईने चौथी रास केली, 'बघू'. तुम्ही ओळखलंच असेल, सगळ्यात मोठी रास कुठली झाली ते.

पण माळा रिकामा करायलाच हवा. घर बघायला आलेली माणसं कपाटं उघडतात, ओट्याखाली वाकून बघतात, माळ्याकडे मान वर करतात. कपाट ठासून भरलेलं असलं की त्यांना वाटतं, या घरात ठेवायला जागा नाही. तेच कपाट दोन-तृतीयांश भरलेलं असलं की वाटतं, वा, बरीच जागा आहे. कपाट तेवढंच.

उलट सगळं सामान हलवून घर ओकंबोकं केलं तरी पंचाईत. रिकामी खोली लहान दिसते. पलंग असला की माणसाला कळतं की पलंग मावतो आणि बाजूने चालायला जागा राहते. रिकाम्या खोलीत नजर भिंतीवरच्या खिळ्यांच्या भोकांवर जाते. एक पलंग, एक जेवणाचं टेबल, एक बसायची जागा, एवढं राहू द्या. आम्ही दोन कपाटांतलं एक आणि हॉलमधली शोकेस हलवली. शोकेसमध्ये आपल्या गणेशोत्सवातल्या कॅरम स्पर्धेचे बाबांचे चार कप होते. ते नाशिकला गेले आहेत, चौकशी करणाऱ्यांसाठी सांगते.

फोटोंचा प्रश्न मात्र नाजूक आहे. परदेशातल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की घरातले सगळे फोटो काढा, म्हणजे येणाऱ्याला ते घर आपलं वाटतं. मला हे आपल्याकडे पूर्ण पटत नाही. आपला माणूस घर बघायला आला की आधी विचारतो, 'किती वर्षं राहिलात? मुलं कुठे असतात?' चांगल्या माणसांचं घर घेतोय असं त्याला वाटायला हवं असतं. एखादा फोटो असू द्यावा. पण आमच्या हॉलमध्ये दारासमोर बाबांचा हार घातलेला फोटो होता. एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, 'मॅडम, तेवढा काढा, गिऱ्हाईक बिचकतं.' धंद्याच्या दृष्टीने तो बरोबर होता. मी आईला दोन दिवस सांगूच शकले नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच तो काढून बेडरूममध्ये तिच्या उशाशी लावला आणि मला म्हणाली, 'इथे त्यांना वारा चांगला लागतो.' तुमच्याकडे असा प्रसंग आला तर एजंटला ठरवू देऊ नका, आणि मुलांनीही ठरवू नये.

उजेड. पंचवीस वर्षांत आपण सगळ्यांनी खिडक्यांना बॉक्स ग्रिल करून घेतली आणि त्यांत काय काय भरलं ते खाली उभं राहून एकदा बघा. फुटक्या बादल्या, मेलेल्या तुळशीच्या कुंड्या, जुन्या एसीचा पत्रा. आमचं ग्रिल रिकामं केलं, डासांच्या जाळ्या काढून साबणाच्या पाण्याने धुतल्या, काचा पुसल्या, जाड मरून पडदे काढून पांढरे सुती लावले. दुपारी चार वाजता हॉलमधला दिवा बंद करून पेपर वाचता यायला लागला, जे मी त्या घरात कधी केलं नव्हतं. खर्च जवळजवळ शून्य. दिव्यांचं म्हणाल तर एका खोलीत निळसर पांढरा आणि दुसऱ्या खोलीत पिवळा असं करू नका, घर तुकड्यातुकड्यांचं दिसतं. एलईडीच्या खोक्यावर केल्व्हिन लिहिलेलं असतं. ६५०० म्हणजे दवाखान्यासारखा पांढरा, ३००० म्हणजे पिवळसर. हॉल आणि स्वयंपाकघराला ४००० बरा, झोपायच्या खोलीत ३०००.

आणि वेळ. एजंट कधीही फोन करतो, 'पार्टी खाली उभी आहे, आणू का?' नाही म्हणायला शिका. आमचा हॉल पश्चिमेला, त्यामुळे आईने ठरवून टाकलं, चार ते साडेपाच, त्याआधी नाही, नंतर नाही. सकाळी तिथे अंधार असतो आणि संध्याकाळी सहाला शेजारच्या क्लासची मुलं स्कूटर लावायला येतात.

वासाबद्दल लोक संकोचाने बोलतात, पण घरात शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती वासच. डांबराच्या गोळ्या, बंद खोलीचा कोंदटपणा, आदल्या रात्रीचं तळण. न वापरलेल्या बाथरूमला गटाराचा वास येतो, त्याचं कारण साधं आहे. जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं, म्हणून खालची हवा वर येते. एक बादली पाणी ओता, वास गेला. सेंटचे फवारे मारू नका. भपकारा आला की माणूस विचार करतो, हे काय झाकतायत? बघायला येणाऱ्यांच्या आधी पाच मिनिटं चहाचं आधण ठेवा, आलं किसून टाका. चहा द्यायलाही होतो.

नवं मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, फरशी बदलणं, यांतलं काहीही विकण्यासाठी करू नका. हे माझ्या पोटावर पाय आणणारं वाक्य आहे, तरी सांगते. तुम्ही तीन लाखांचं किचन कराल आणि येणारी बाई म्हणेल, 'रंग नाही आवडला, मी काढणार आहे.' आपला काळा ग्रॅनाइटचा ओटा पंचवीस वर्षांनीही ठणठणीत आहे. घासून पुसून लख्ख करा, झालं.

आता त्या फरकाकडे येते.

नाटकाच्या नेपथ्यात भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड असतं. मागे काही नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, आणि तो ते ठाऊक असूनच तिकीट काढतो. घर घेणाऱ्याला भिंतीमागे काय आहे ते ठाऊक नसतं. तो तिकीट नाही काढत, वीस वर्षांचं कर्ज काढतो.

मी या कामात नवीन होते तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या एका गावातलं घर विकायचं होतं, मालकाने मला सजवायला दिलं. लहान बेडरूमच्या एका भिंतीला ओल होती, पोपडे सुटले होते. मालक म्हणाला, 'याचं काहीतरी करा.' मी प्लायवूडचं पॅनेल ठोकलं, गेरूचा रंग दिला आणि त्यावर वारली चित्रं काढून घेतली. फार सुंदर दिसत होतं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी त्याचे फोटो पुढे दोन वर्षं गिऱ्हाइकांना दाखवत होते. एप्रिलमध्ये घर विकलं गेलं. जुलैच्या शेवटी मला एका अनोळखी बाईंचा फोन आला. पॅनेलच्या मागच्या बाजूला तुमचा नंबर लिहिलेला सापडला, म्हणाल्या. सुताराने लिहून ठेवला असणार. मी गेले. पॅनेल उतरवलेलं होतं, मागून ते काळ्या बुरशीने भरलं होतं. त्या भिंतीला लागून त्यांच्या मुलीची कॉट होती. पाच-सहा वर्षांची मुलगी, तिला दम्याचा त्रास. त्या बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, 'तुम्हाला माहीत होतं का?' मी 'हो' म्हणाले. माझी फी मी त्यांना दिली, भिंतीच्या कामाला ती पुरली नाही. मालकाने अर्थातच हात वर केले.

नंतर एका वकिलांनी मला सांगितलं की हे नुसतं वाईट नाही, बेकायदेशीर आहे. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५वं कलम सांगतं की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने बघून न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. सांगितला नाही तर कायदा त्याला फसवणूक मानतो. म्हणजे तुमचं कपाट तुम्ही नेहमी जिथे ठेवता तिथे ठेवा, काही हरकत नाही. पण ओलीवर आणून ठेवलंत तर ते कपाट राहत नाही.

आणि गंमत बघा, हीच वेळ माझ्याच आईच्या घरात माझ्यावर आली. आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल होती. वरच्या बाथरूममधून यायची. वरचे काका आज इथे आहेत, त्यांची परवानगी घेऊन सांगते. त्यांचं आणि बाबांचं त्यावरून चार वर्षं चाललं होतं. काका म्हणायचे बाहेरच्या पाइपातून येतंय, सोसायटीने करावं. बाबा म्हणायचे तुमच्या न्हाणीतून येतंय, तुम्ही करा. आदर्श उपविधी यात स्पष्ट आहेत: पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीची, संडास-बाथरूम-सिंकची घरातली गळती त्या-त्या सभासदाची. पण पाणी कुठून येतंय हे ठरल्याशिवाय उपविधीचा उपयोग काय? एजंटने दोन मिनिटांत तोडगा काढला: 'मोठं कपाट या भिंतीला लावा.' कपाट होतं, मावतही होतं.

आई म्हणाली, 'कपाट नाही लावायचं. वर जाऊन बोलून ये.'

मी गेले. त्यांची बाथरूम आठवडाभर वापरायची नाही आणि ओल थांबते का बघायचं, असं ठरलं. थांबली. काकांनी त्यानंतर एक शब्द बोलला नाही. फरशी उखडून बॉक्स वॉटरप्रूफिंग करून घेतलं, वर दोन दिवस पाणी तुंबवून चाचणी घेतली. मला म्हणाले, 'तुम्ही निघालात, आता मला रोज जिन्यात नावं कोण ठेवणार?' बाबा असते तर त्यांना हे वाक्य आवडलं असतं.

पण ओली भिंत लगेच रंगवता येत नाही. आत पाणी असताना लांबी भरून रंग दिला तर महिन्यात फुगते. तिला दोन-तीन महिने कोरडं व्हायला द्यावे लागतात, आणि आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता. म्हणून सगळं घर रंगवलं आणि ती एक भिंत खरवडून उघडी ठेवली. मी डिझायनर, आणि माझ्याच आईच्या घरात सिमेंट दिसणारी भिंत. माझे हात शिवशिवत होते. आई येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दाखवायची. काम करतानाचे फोटो, गवंड्याचं बिल, सगळं टेबलावर. एजंट कपाळावर हात मारायचा. दोन गिऱ्हाइकं भिंत बघून गेली ती परत आली नाहीत. तिसऱ्या खेपेला तिसऱ्या रांगेतले आले. त्यांनी भिंतीला तळहात लावून बघितला, आईकडे बघितलं आणि विचारलं, 'आणखी काय काय आहे?' आईने सांगितलं, पावसाळ्यात ड्राय बाल्कनीचं दार फुगतं, आणि चौथ्या मजल्यावरचा मुलगा तबला शिकतोय. भिंतीच्या रंगाचे पैसे आम्ही किमतीतून वजा करून दिले. भाव फार ताणावा लागला नाही, ना त्यांना ना आम्हाला.

एका भिंतीचं अजून सांगायचं राहिलं. हॉलमध्ये दिवाण होता, बाबा रोज त्यावर बसून, भिंतीला डोकं टेकून पेपर वाचायचे. तिथे वीस वर्षांचा तेलाचा डाग होता, गोल, बशीएवढा. पेंटर म्हणाला, हे काय, जाऊन जाईल. पहिला हात दिला, दुसरा हात दिला, आठवड्यात डाग पुन्हा वर. तेलाचा डाग नुसत्या डिस्टेंपरने जात नाही, हे मी त्याला सांगायला हवं होतं. आधी धुण्याच्या सोड्याने घासायचं, वाळलं की ऑइल प्रायमरचा हात, मग रंग. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नव्हतं. आई रोज संध्याकाळी येऊन त्या भिंतीकडे बघायची आणि काही बोलायची नाही. शेवटी तिनेच पेंटरला विचारलं, 'याला काय लागतं?' आणि खालच्या दुकानातून प्रायमर स्वतः आणलं.

असो.

थोडं आपल्या सगळ्यांबद्दल. विकणारा आपल्या घरात लाखभर घालतो, पण घेणारा आधी फाटकातून येतो, मग जिन्यातून. जिन्याखाली ज्या सायकली आहेत त्यांतल्या निम्म्यांचे मालक आता स्वतः मुलांचे बाप आहेत. नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लावायची असेल तर लावा, पण २०१९ची यादी काढा. आणि स्ट्रक्चरल ऑडिट. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि तीसनंतर तीन वर्षांतून एकदा करायचं, असं उपविधींत आहे. हल्ली समजूतदार गिऱ्हाईक त्याचा अहवाल मागतं. तो कमिटीच्या फाइलमध्ये तयार असला तर बाराही महिने सगळ्यांच्याच घराचं नेपथ्य लागलेलं असतं.

कागदांचं मी वकिलांवर सोडते, फक्त एवढंच की घर रंगवायच्या आधी फाइल काढा. बिल्डरबरोबरचा मूळ नोंदलेला करार, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मिळकत कराची पावती, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र. महापालिका हद्दीत ट्रान्स्फर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही, हे विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवा आणि कमिटीनेही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आमच्याकडे आई नॉमिनी होती, तरी मला आणि भावाला हक्कसोडपत्र करून नोंदवावं लागलं. भांडण नव्हतं म्हणून ते पटकन झालं. ज्या घरात भांडण आहे तिथे पांढरे पडदे लावून काही होत नाही.

मी थांबते. प्रश्न असतील तर विचारा.

(भाषणानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतली काही.)

प्रश्न: एकूण खर्च किती करावा?

– आमचा रंग, प्लंबर, वायरमन, पडदे, भंगार उचलण्याची मजुरी सगळं धरून साठ हजारांच्या आत झालं. त्यामुळे किंमत किती वाढली हे मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याच विंगमधलं आमच्याएवढंच एक घर दीड वर्ष पडून होतं, आमचं तीन महिन्यांत गेलं, एवढं सांगू शकते.

प्रश्न: घरात भाडेकरू असेल तर?

– त्याला विश्वासात घ्या, शक्य असेल तर शेवटच्या महिन्याचं भाडं सोडा. रागावलेला भाडेकरू असेल तर घर दाखवूच नका. तो गेल्यावर रंगवा आणि मग दाखवा.

प्रश्न: फोटो मोबाइलवर काढले तर चालतात का?

– चालतात. आडवा धरा, छातीच्या उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यातून, दिवसाउजेडी. कमोडचं झाकण बंद करून. हे मला दरवेळी सांगावं लागतं.

प्रश्न: देवघर हलवावं का?

– नाही. साफ ठेवा, माळा-फुलं रोजची रोज काढा. देव सगळ्यात शेवटी निघतात. आमचे किल्ली द्यायच्या दिवशी सकाळी निघाले.

प्रश्न (आईंना): काकू, तुम्हाला इतक्या वर्षांचं घर असं आवरताना वाईट नाही वाटलं?

– (आई, जागेवरूनच) वाटलं ना. पण ती 'बघू'ची रास हिने मला न विचारता भंगारवाल्याला दिली. त्यात माझं पुरणयंत्र होतं.